धाकटी

शेवगावला बसस्टँडच्या मागे, एका मेडिकल दुकानाच्या माडीवर दर गुरुवारी दुखण्यांचा बाजार भरतो. बाजार हा शब्द खालच्या दुकानवाल्या अजिनाथचा. गुडघे, कंबरा, माना, खांदे असा सगळा माल कण्हत-कुथत जिना चढून गेला की तो गल्ल्यावर बसल्या बसल्या म्हणतो, ‘भरला बाजार.’ माडीवरच्या डॉक्टरीणबाईंना, म्हणजे जयमालाला, हे ठाऊक होतं आणि तिची त्याला हरकत नव्हती.

जयमाला फिजिओथेरपिस्ट. राहायला नगरला, सावेडीत. तिथे तिचं चांगलं चाललेलं क्लिनिक होतं, आरसे लावलेली व्यायामाची खोली होती. तरी गुरुवार उजाडला की ती गाडी काढायची आणि करंजीचा घाट उतरून शेवगावला यायची. लोकांना वाटे, बाई समाजसेवा करतात. तसं काही नव्हतं. तिचं माहेर इथून जवळच्याच गावात. आई-वडील दोघंही गेलेले, घराला कुलूप, आणि कुलूपबंद घरात जाऊन बसायला काही निमित्त लागतं. तिने माडीवरची खोली भाड्याने घेतली. माहेर नाही तर निदान माहेरची बोली कानावर पडते, एवढ्यासाठी.

तिच्याकडे यायची ती जुनाट दुखणी. एक्सरेत दिसत नाहीत, गोळीने जात नाहीत आणि घरच्यांना खरी वाटत नाहीत, अशी. पुस्तक सांगतं, माणसाला विचारावं, शून्यापासून दहापर्यंत तुमचं दुखणं किती? शेवगावात हा प्रश्न चालत नाही. सुरुवातीला तिने विचारून पाहिला होता. एका बाबांनी उलट विचारलं, ‘दहाच का म्हून?’ एक बाई म्हणाल्या, ‘तुमीच लावा काय लावायचा त्यो भाव.’ तेव्हापासून जयमालाने आकडा सोडला आणि शब्द धरला. ‘कसं दुखतं?’ एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. मग माणसं बोलायला लागतात. ठणका वेगळा, सणक वेगळी. रग लागणं वेगळं आणि कळ मारणं वेगळं. मुंग्या म्हणाला की नस, भगभग म्हणाला की आणखी काही. अर्धं निदान तिला तिथेच कळायचं. उरलेलं दुसऱ्या प्रश्नाने कळायचं: ‘याच्यापायी काय काय करायचं सोडलंत?’ या प्रश्नाला बरीच माणसं डोळे पुसत उत्तर द्यायची.

हा कान तिला आईमुळे आला होता. आई भागिरथी, आणि तिची कंबर.

जयमाला पायाळू होती. मूल जन्मताना डोकं आधी येतं, हिचे पाय आधी आले. पायाळू माणसाने उसण भरलेल्या पाठीला पाय लावला की उसण उतरते, ही आपल्याकडची जुनी समजूत. वीज पायाळूवर आधी पडते अशीही एक आहे, त्यामुळे आभाळ गडगडलं की तिला आत कोंडायचे आणि ती खिडकीतून बाकीच्या पोरांना भिजताना बघायची. पण सकाळी तिचा थाट असे. कुणाची लचक, कुणाची उसण. माणसं अनशापोटी अंगणात यायची आणि गोधडीवर पालथी पडायची. आई तिच्या काखेत हात घालून तिला धरायची आणि ती फ्रॉक सावरत आपला इवलासा डावा पाय त्या पाठींवर टेकवायची. तालमीतले गडी, सुना, एकदा तर तिच्याच शाळेचे हेडमास्तर. त्या दिवशी वर्गात तिला कुणी अंगठे धरायला लावले नाहीत. पाय लावला की हातावर गुळाचा खडा मिळायचा. शेणाने सारवलेल्या अंगणाचा तो थंडगार वास आणि जिभेवरचा गूळ, एवढं जरी आठवलं तरी जयमालाचं अर्धं आयुष्य परत यायचं.

सगळे गेले की आई पालथी पडायची. ‘आता माझी.’

आईची कंबर जयमालाच्या जन्मापासून दुखत होती. उलटं मूल, गावची सुईण, दीड दिवसाच्या कळा. त्यानंतर ती कंबर कधी गप्प बसली नाही. आई हे रडून सांगत नसे. ती म्हणायची, ‘तू आलीस आन् तुज्या पाठोपाठ ही आली. तू थोरली, ही धाकटी.’ घरात दुखण्याचं नावच धाकटी पडलं. दिवस कलला की आई हातातलं काम ठेवायची, भिंतीला पाठ लावून पाय लांब करायची आणि म्हणायची, ‘उठली बघ धाकटी.’ जयमालाला दुसरं भावंड नव्हतं. लहानपणी तिला खरंच वाटायचं, आपली बहीण आईच्या कमरेत राहते. आपल्या भाकरीचा एक तुकडा ती आईच्या पाठीशी नेऊन ठेवायची. आई तो गुपचूप खायची आणि म्हणायची, ‘खाल्ला गं तिनं.’

‘कशी दुखते?’ जयमालाने आयुष्यात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो आईला. आई विचार करून म्हणाली होती, ‘कोनी तरी आत बसून सरकी काढतंय बघ. कापसातली. बोटानं. एकेक.’

लोकांची दुखणी जयमालाच्या पायाने जायची. आईची जात नसे. धाकटी नुसती झोपायची, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं कलली की पुन्हा उठायची.

पुढे ती शिकली. स्पर्शाने, उबेने, भरवशाने मेंदू दुखण्याचा आवाज कमी करतो, हे तिने पुस्तकात वाचलं आणि अंगणातल्या गोधडीचा उलगडा झाल्याने तिला हलकंही वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. आईसाठी तिने पट्टा आणला, करंट द्यायचं मशीन आणलं, व्यायाम शिकवले. आई ते लेक समोर असेपर्यंत करायची. मग म्हणायची, ‘मशीन ठिव तिकडं, माले. पाय दे.’ आणि पदव्या भिंतीला लावलेल्या डॉक्टरीणबाई दाराला कडी घालून आईच्या कमरेवर पाय टेकवायच्या. सावेडीत कुणाला हे कळलं असतं तर बोर्ड उतरवायची वेळ आली असती.

दोन हिवाळ्यांपूर्वी आई झोपेतच गेली. सोनं झालं, सगळे म्हणाले. जयमाला रडली, सावरली, कामाला लागली. पण एक गोष्ट तिला सावरता आली नाही आणि ती कुणाला सांगण्यासारखीही नव्हती. तिला आईच्या दुखण्याची आठवण यायची. आईचा फोटो होता, लुगडी होती, फोनमध्ये आवाज होता. धाकटी मात्र कुठेच नव्हती. संध्याकाळच्या अंगाला घर इतकं शांत असायचं की तिला ते सहन व्हायचं नाही. नवरा प्रशांत कॉलेजातून उशिरा यायचा, मुलगी सृष्टी पुण्याला आर्किटेक्चर शिकायला गेलेली. ती पोरगी फोन म्हणून करायची नाही, दोन अक्षरांचे मेसेज टाकायची. ‘ok.’ ‘hmm.’ आईची खुशाली विचारायला तिला वेळ नव्हता, वयच तसं.

कापसाची वेचणी चालू असताना एका गुरुवारी सहादू आला.

नेवाशाकडचा माणूस. साठीला टेकलेला, हाडापेराने मजबूत, उभी हयात ट्रॅक्टरच्या सीटवर गेलेली. कंबर चार-सहा महिन्यांपासून धरलेली. जयमालाला नवल वाटलं नाही. ट्रॅक्टरवाल्याची कंबर दुखली नाही तर नवल. तिने त्याला बसवलं, वाकवलं, पाय उचलून पाहिला, मणके दाबून पाहिले. नस मोकळी होती. फोटोत वयाची झीज, बाकी काही नाही.

‘कसं दुखतं, बाबा?’

सहादूने डावा हात कमरेवर ठेवला. अंगठा आत, बोटं बाहेर. ‘आता कसं सांगावं, ताई. कोनी तरी आत बसून सरकी काढतंय, असं वाटतंय. एकेक.’

जयमालाचं पेन थांबलं. मग पुन्हा चालू झालं. कापसाचा मुलूख आहे, ज्याच्या घरात सरकी त्याच्या तोंडात सरकी. तिने विचारलं, ‘कधी दुखतं?’

‘दिवसभर काय न्हाई. दिस कलला का उठती.’

‘उठते? कोण उठते?’

सहादू गोंधळला. स्वतःच्याच तोंडाकडे बघता आलं असतं तर त्याने बघितलं असतं. ‘धाकटी,’ तो म्हणाला आणि ओशाळून हसला. ‘कुनास ठाऊक ताई, तोंडात आलं. आमच्यात धाकटी कोनी न्हाई. मीच धाकटा.’

मदतनीस आरती पलीकडे टॉवेलच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. तिला त्यात काहीच वाटलं नव्हतं.

जयमालाने त्याला व्यायाम सांगितले, ट्रॅक्टरच्या सीटवर काय घालायचं ते सांगितलं आणि पुढच्या गुरुवारी बोलावलं. घाट चढताना तिने स्वतःशी हिशेब केला. दुखणं हे शेवटी मेंदूचं काम. मेंदू शब्द उचलतो. आपल्या गावचं कुणी त्याच्या ट्रॅक्टरवर बसलं असेल, आईचं बोलणं त्याच्या कानावर पडलं असेल. हिशेब नीट जुळला. तरी पुढचा गुरुवार येईपर्यंत तिचं कशात लक्ष लागलं नाही.

सहादूला ती संध्याकाळच्या अंगाला बोलवायला लागली. ‘दुखणं उठलेलं असताना तपासायला बरं,’ असं तिने आरतीला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. माडीच्या खिडकीतून ऊन तिरपं झालं की सहादू खुर्चीवरून उठायचा आणि भिंतीला पाठ लावून फरशीवर पाय लांब करून बसायचा. त्याला तसं बस म्हणून कुणी सांगितलेलं नव्हतं. कळ आली की तो दात खात नसे, ओरडत नसे. डाव्या पायाचा अंगठा फरशीवर गोल गोल फिरवायचा. आईसुद्धा सारवणावर असाच अंगठा फिरवायची. तिथे एक गुळगुळीत वर्तुळ पडलेलं होतं.

जयमाला समोर स्टुलावर बसून त्याला प्रश्न विचारायची. गरजेपेक्षा जास्त विचारायची. त्या वेळात ती इतकी सुखात असायची की घरी जाताना तिला स्वतःची लाज वाटायची.

हे आणखी किती चाललं असतं कोण जाणे. राहीबाई नावाची तिच्या माहेरगावची म्हातारी गुडघे दाखवायला आली आणि बाकावर बसल्या बसल्या तिने सहादूला सगळं पुराण ऐकवलं. ‘व्यायाम कशापायी करतुयास? तुजी डाक्तरीण पायाळू हाय. आमच्या आख्ख्या गावाच्या उसनी तिनं उतरवल्यात.’

सहादूने आत येऊन हातच जोडले. ‘ताई, तेवढं करा. तुमचं शिक्षान मला मान्य हाय. पन तेवढं करा.’

नाही म्हणायला कारण नव्हतं. हसत हसत तिने चप्पल काढली, भिंतीचा आधार घेतला आणि सहादूच्या कमरेवर डावा पाय टेकवला. तळव्याखाली काहीतरी हललं. स्नायूची उडी असते, ती तिला ठाऊक होती. ही तशी नव्हती. झोपलेलं मूल कूस बदलतं, तसं काहीतरी तळव्याखालून सरकलं आणि नाहीसं झालं.

सहादू उठला. वाकला. पायाचे अंगठे धरले. ‘गेली!’ तो ओरडला आणि साठीचा माणूस माडीवर पोरासारखा हसत सुटला. खालून दुकानवाला अजिनाथही बघायला आला. राहीबाईने कडाकडा बोटं मोडली.

जयमाला हात धुवायच्या निमित्ताने मोरीत गेली. नळ सोडून तिने तोंडात पदर कोंबला आणि आई गेली त्या दिवशी रडली नव्हती इतकी रडली.

पुढच्या गुरुवारी पूजा आली.

पूजा शेवगावच्याच एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसणारी, माहेर नगरचं, बोलणं शहरी. बाळंतपणाची रजा संपवून नुकती कामावर लागलेली. सोबत नवरा, आदिनाथ, कडेवर बाळ. कंबर शुक्रवारपासून धरली, म्हणाली. जयमालाने मनात टिपून घेतलं: बाळंतपण, खुर्ची, अपुरी झोप. कारणांना काही तोटा नव्हता.

‘कसं दुखतं?’

‘सांगता येत नाही, मॅडम. मला हसाल. आत कुणीतरी बसलंय आणि सरकी काढतंय असं वाटतं.’ ती थांबली. ‘सरकी म्हणजे काय, तेही मी सासूबाईंना विचारलं. मी कधी शेतात गेलेली नाही.’

त्या दिवशी जयमालाला हिशेब जुळवता आला नाही, आणि तिने तो जुळवायचा प्रयत्नही केला नाही.

आता जे घडलं ते सांगायला हवं, कारण ते भूतबाधेचं नाही, माणसाचं आहे. पूजाची कंबर बरी होण्यासारखी होती. अशा शेकडो कंबरा जयमालाने बऱ्या केल्या होत्या. काय करायचं ते तिला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. खुर्चीवरून मधूनमधून उठणं, मांड्यांना आणि कुल्ल्यांना जोर देणारे व्यायाम, झोप, आणि वाकलं तर मोडेल ही भीती हळूहळू काढणं. दुखणं असं एकदम जात नाही. विझत जातं, आणि एक दिवस माणसाच्या लक्षात येतं की बऱ्याच दिवसांत आठवणच आली नाही.

हे ‘विझत जातं’ जयमालाला नको होतं. तिने पूजाला अर्धेच व्यायाम दिले.

आरतीच्या लक्षात आलं. ‘मॅडम, यांना पुलाचा व्यायाम द्यायचा राहिलाय. पाठीवर झोपून कंबर उचलायचा. तो तर आपण पहिल्याच दिवशी देतो.’

‘इतक्यात नको. पुढे बघू.’

‘बरं,’ आरती म्हणाली. पण ती क्षणभर जास्त बघत राहिली.

पूजाचे गुरुवारही संध्याकाळच्या अंगाला पडले. ऊन खिडकीतून आत आलं की ती फरशीवर उतरायची, भिंतीला पाठ लावायची. अंगठा फिरायला लागायचा. आणि मग तिचं बोलणं बदलायचं. आधी शब्द, मग सूर. एकदा ती म्हणाली, ‘बाजरी काढायची ऱ्हायलीय, आभाळ आलंया.’ बाहेर लख्ख ऊन होतं आणि पतसंस्थेत बाजरी पिकत नाही. एकदा जयमालाच्या हाताकडे बघून म्हणाली, ‘बांगड्या का काडल्यास गं?’ कळ ओसरली की पूजा घाम पुसत विचारायची, ‘मी काही बोलले का, मॅडम?’

‘नाही,’ जयमाला म्हणायची.

पूजा वाळत चालली. डोळ्यांखाली काळं आलं. कामावरून चार वाजताच घरी यायची परवानगी तिने मागून घेतली होती. आदिनाथ भला माणूस, तो बाहेर बाकावर बाळाला मांडीवर नाचवत बसायचा आणि आत जाणाऱ्या-येणाऱ्या आरतीला विचारायचा, ‘फरक पडंल ना हो?’

जयमालाला ते ऐकू यायचं. ऐकून ती दार लोटून घ्यायची.

होळी होऊन गेली होती. त्या गुरुवारी उन्हाचा ताव फार होता, पंखा गरम वारा फेकत होता. पूजा भिंतीशी बसली होती. डोळे मिटलेले. बाहेर बाळ रडायला लागलं. भुकेचं रडणं. आदिनाथने दार ढकललं आणि बाळ पुढे केलं. ‘पूजा, घे जरा. गप्प बसत न्हाई.’

पूजाने हात वर केले. कमरेतून उचंबळून आलेली कळ तिच्या तोंडावर दिसली. हात तसेच खाली आले. तिने पुन्हा उचलले. पुन्हा खाली आले. बाळ तिच्याकडे झेपावत होतं आणि तिला ते घेता येत नव्हतं.

‘याच्यापायी काय करायचं सोडलंत?’ हा प्रश्न जयमालाने पूजाला कधीच विचारला नव्हता. आता विचारायची गरज उरली नाही.

तिने आदिनाथला बाहेर पाठवलं. आरतीलाही.

पूजाने डोळे उघडले. ते पूजाचे होते, पण त्यातून बघणारं माणूस जयमालाकडे सराईतपणे बघत होतं, जन्मल्यापासून बघत आलेलं असावं तसं.

‘माले,’ ती म्हणाली. ‘किती येळ बसवून ठिवशील मला? पाय दे.’

जयमाला तिच्यापुढे बसली. गुडघ्याला गुडघा लावून. तिला पुष्कळ बोलायचं होतं. तिच्या तोंडून एवढंच आलं, ‘दुखतं का गं फार?’

‘आता सवं झाली. पन या पोरीचं ल्येकरू रडतंय.’

‘मग माझ्याकडे ये. दुसऱ्या कुणाकडे नको. माझ्याकडे ये.’

 पूजा गोधडीवर पडावं तशी सतरंजीवर पालथी पडली.

जयमालाने चप्पल काढली.

पाय टेकवताना ती मनात एकच गोष्ट म्हणत होती. माझ्यात. माझ्यात. माझ्यात.

तळव्याखाली ते हललं. सावकाश. जायला तयार नसल्यासारखं.

मग गेलं.

पूजा उठून बसली. कंबर चाचपली. उभी राहिली. दार उघडून बाहेर गेली आणि आदिनाथच्या हातून बाळ घेऊन तिने ते खांद्यावर टाकलं. ‘मॅडम,’ ती परत येऊन म्हणाली, ‘काय केलंत तुम्ही?’ तिच्या बोलण्यात नगरच्या शाळेची स्वच्छ मराठी होती आणि नजरेत एका परक्या बाईबद्दलची कृतज्ञता.

जयमाला घाट चढून घरी आली. वाट बघत राहिली. संध्याकाळी तिने कमरेवर हात ठेवून पाहिला. काही नाही. शुक्रवारी तिने भरलेल्या बादल्या उचलल्या, वाकून सगळं घर पुसलं, पाठ मुद्दाम आखडून घेतली. ऊन कलताना ती भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली आणि पाय लांब केले. प्रशांत लवकर घरी आला होता. ‘हे काय, दुखतंय का काही?’ त्याने विचारलं.

‘नाही ना,’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका खचलेला होता की तो तसाच चहा टाकायला गेला. आयुष्यभर लोकांची दुखणी काढत आलेली बाई स्वतःच्या धडधाकट कमरेवर रुसून बसली होती.

शनिवारी काही नाही.

रविवारी दुपार उतरायला लागली तेव्हा फोन वाजला. सृष्टी. मेसेज नव्हे, फोन.

‘आई, जेवलीस का गं?’

जयमालाने फोन कानापासून दूर धरून नाव पुन्हा वाचलं. ‘जेवले. तू बरी आहेस ना?’

‘कंबर दुखतेय. शुक्रवारपासून. खाली, डाव्या बाजूला. रूममेट म्हणते, ड्रॉइंगला बसून बसून.’

‘असेल,’ जयमाला म्हणाली.  पुढचा प्रश्न तिने विचारायला नको होता. पण इतक्या वर्षांची सवय. ‘कसं दुखतं?’

‘वेडपट वाटेल. आत कुणीतरी बसलंय. आणि काहीतरी सोडवून काढतंय. बोटांनी.’

‘एकेक,’ जयमाला म्हणाली.

 पलीकडून एक लांब, ओळखीचा उसासा, पुण्यातल्या होस्टेलच्या खोलीतून आलेला. ‘व्हय,’ सृष्टी म्हणाली. ‘लई रग लागलीय, माले.’

जयमालाला भीती वाटली. लेक. एकुलती एक लेक. आणि त्या भीतीच्या बरोबरीने, तिला आवरता येण्याआधीच, आनंद आला. दोन हिवाळ्यांत झाला नव्हता एवढा. ती भिंतीला टेकून हळूच खाली बसली.

‘आई?’ सृष्टीचा आवाज पुन्हा सृष्टीचा झाला होता, बारीक, रडवेला. ‘ऐकतेस ना? फार दुखतंय गं. रूममेटकडे गोळी आहे. घेऊ का?’

बाहेर गच्चीच्या कठड्यावरून ऊन खाली उतरत होतं. जयमालाने फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.

‘नको, बाळा,’ ती म्हणाली. ‘गोळीने ती झोपते.’